मान दिवटीचा, उजेड बत्तीचा

स्पिरिटचा वास आला की मला अजून हेवा वाटतो. ऐंशीला टेकले, दात गेले, गुडघे गेले, हा मात्र जायला तयार नाही. परवा महाडला दवाखान्यात इंजेक्शन देण्याआधी नर्सबाईने दंडावर ओला कापूस फिरवला आणि तो वास नाकात शिरला. "दुखलं का आजी?" तिने विचारलं. सुई अजून टोचायची होती. मी म्हटलं, "नाही गं, चालू दे." माझ्या भावाचा मुलगा, भाचा, मुंबईहून आला होता, गाडी घेऊन बाहेर थांबला होता. त्याला म्हटलं, एवढं आलोच आहोत तर पोलादपूरला जाऊ, गावात डोकावून येऊ. मालू असेल तर तिला भेटू.

मालू म्हणजे बत्तीवाल्यांची मालू. आणि मी दिवटीवाल्यांची.

आमचं गाव पोलादपूरच्या पुढे, डोंगर सावित्री नदीला खेटून उभा आहे तिथलं. शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघून सहाणेवर येऊन बसायची. सहाण म्हणजे गावाच्या मधोमध असलेला दगडी चौथरा. पालखी तिथे नाचायची, गाऱ्हाणी तिथे घातली जायची, भांडणंही तिथेच व्हायची. तिन्हीसांजेला पालखी सहाणेवर चढली की तिच्यापुढे पेटती दिवटी धरायची, हा आमच्या घराचा मान. आप्पांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्या आधी त्यांचे. मान काय असतो ते आमच्याकडच्या माणसालाच कळतं. भाऊ भावाला बांध सोडेल, मान सोडणार नाही. नारळ आधी कुणाच्या हातात द्यायचा यावरून आमच्या गावात दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती, आणि मूळ भांडण कुणाला आठवतही नव्हतं.

दिवटीची तयारी आठ दिवस आधी सुरू व्हायची. आईची जुनी लुगडी काढायची, ती उकळून वाळवायची, मग फाडायची. जुनं सुती कापड फाटताना एक लांब, कोरडा आवाज होतो. तो कानाला फार बरा वाटायचा. चिंध्या मी फाडायचे, वळायचेही मीच. आप्पा त्या लोखंडी दांड्याच्या टोकाला घट्ट गुंडाळायचे आणि बुधलीतून करंजेल पाजायचे. करंजाच्या तेलाचा वास कडू आणि चिवट. हाताला, केसाला, उशीला, पाटी-दप्तराला, सगळीकडे तो आठ दिवस राहायचा. शाळेत पोरी नाक धरायच्या, तरी मला त्याचा अभिमान होता. फक्त दिवटीला हात लावायची सोय नव्हती. चिंधी वळेपर्यंत माझी. दांड्याला गुंडाळली की देवाची. "बायकांच्या जातीनं दिवटी धरू नये," आप्पा म्हणायचे. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग सखारामकाकांनी बत्ती आणली.

सखारामकाका मालूचे वडील. मुंबईला गोदीत होते, ते नोकरी सोडून कायमचे गावी आले, येताना एक खोका घेऊन. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. त्यांच्या पडवीत सगळं गाव जमलं. खोक्यातून पेंढा निघाला आणि पेंढ्यातून पितळी टाकीची, काचेची, छपरासारखी टोपी घातलेली बत्ती. काकांनी ती पेटवली तो सोहळा आमच्या गावात त्याआधी कुठल्या देवाचा झाला नसेल. टाकीत रॉकेल ओतलं. रेशमी पिशवीसारखं मेंटल दोऱ्याने बांधलं. छोट्या वाटीत स्पिरिट घातलं, काडी लावली. निळी ज्योत, इतकी निळी की ती आहे की नाही कळू नये. आणि तो वास, थंड, स्वच्छ, शहरातला. मेंटल आधी काळं झालं, मग आक्रसलं, मग पांढरं झालं. काकांनी पंपाला हात घातला आणि मालूकडे बघून म्हणाले, "ये गो, तू मार पाच."

मालूने पाच पंप मारले. बत्ती सूंऽऽ करत उजळली आणि पडवीतल्या माणसांची तोंडं पिठात बुडवल्यासारखी पांढरी झाली. लोक बत्तीकडे बघत होते. मी मालूकडे बघत होते. तिच्या बापाने तिला हात लावू दिला होता.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे काही शिरलं ते शिरलं. मालू वाईट नव्हती, हेच वाईट होतं. ती मला बोलवायची, काच पुसायला राख द्यायची, जवळ बसवायची. तिच्या बोटांना स्पिरिटचा वास, माझ्या बोटांना करंजेलाचा. एकदा तिने भोळेपणाने विचारलं, "तुमच्या दिवटीचा धूर डोळ्यात जात नाय?" मी म्हटलं, "देवीला चालतो." पण घरी जाऊन मातीने हात इतके घासले की साल निघायची वेळ आली.

पुढच्या शिमग्याआधी गावकी बसली. सहाणेवर यंदा बत्ती लावायची, यावर कुणाचं दुमत नव्हतं. अडचण एकच, दिवटीचं काय करायचं. मान काढून घेणं कुणाच्या जिवाला पटेना, आणि धूर कुणालाच नको होता. शेवटी गावचे पाटील म्हणाले, "हे बघा, मान दिवटीचा, उजेड बत्तीचा. दोघांनी उबं ऱ्हायाचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पांनीही डोलावली. दुसरं काय करणार? मान तर तसाच होता.

त्या वर्षी आप्पा पालखीपुढे दिवटी धरून उभे राहिले, आणि शेजारी बांबूला बत्ती टांगलेली. बत्तीच्या उजेडात दिवटीची ज्योत दिसेना. धूर तेवढा दिसत होता. पांढऱ्या उजेडात आप्पा उगीचच काहीतरी पेटवून उभे असल्यासारखे वाटत होते. कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, जरा वाऱ्याच्या अंगाला व्हा." आप्पा सरकले. पुन्हा कुणीतरी तेच म्हणालं, पुन्हा सरकले. असं करत करत ते सहाणेच्या कडेला गेले. घरी आल्यावर त्यांनी दिवटी कोपऱ्यात ठेवली, पाय धुतले आणि न जेवता निजले. पुढे वर्षभर आप्पांनी पालखीचा विषय काढला नाही.

ते वर्षभर बत्तीचं राज्य होतं. लग्न असो, बारसं असो, शाळेत साहेब यायचे असोत, "सखारामाला सांगा" असं पहिल्यांदा म्हटलं जायचं. मांडवात काकांना पहिला पाट. मालू त्यांच्याबरोबर, नवा परकर नेसून, स्पिरिटची बाटली छातीशी धरून. बत्तीजवळ कुणी बसायचं, कुणी लांब, ते ती ठरवायची. मला ती नेहमी जवळ बसवायची, आणि मी तिच्या शेजारी बसून तिची वाट लागावी म्हणून देवीला नवस बोलायचे.

देवीने ऐकलं नाही, म्हणून मीच केलं.

दुसऱ्या वर्षीचा शिमगा. काटेसावरीची लाल फुलं वाटेवर पडली होती, हवेत आंब्याच्या मोहोराचा वास होता. दिवस मावळायच्या बेताला काका बत्ती घेऊन सहाणेवर आले. वाटेत धूळ बसली म्हणून त्यांनी बत्तीची टोपी काढली, काच उचलून बाजूला ठेवली आणि धोतराच्या सोग्याने ती पुसायला घेतली. आत जळालेलं मेंटल उघडं पडलं होतं. जळालेलं मेंटल म्हणजे राखच; नुसती आकाराने उभी राहिलेली. तेवढ्यात ढोल वाजला. पालखी देवळाच्या दारातून बाहेर पडली. सगळं गाव तिकडे वळलं. काकांनी काच खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडून तेही वळले. मी बत्तीच्या शेजारी उभी होते. करंगळी पुढे केली. मेंटलला ती लागली की नाही तेही मला कळलं नाही. अर्धं मेंटल खाली पडलं, आवाज न करता.

काका परत वळले तेव्हा मी चार पावलं लांब होते. त्यांनी आत बघितलं, वाकून परत बघितलं. पालखी सहाणेवर चढली होती, अंधारत आलं होतं. "काय झालं रे सखाराम?" पाटलांनी विचारलं.

"मेंटल पडलं."

"दुसरं लाव की."

"दुसरं नाय."

लोकांत कुजबुज झाली. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आयेला बत्ती चालली नाय." आणि आप्पांनी दिवटी उचलली.

ती संध्याकाळ मी किती वेळा आठवली असेल. दिवटीला वारा लागला की उजेड उठायचा आणि बसायचा. माणसांची तोंडं अर्धी दिसायची, अर्धी नाही. पालखीतले देवीचे चांदीचे मुखवटे बत्तीच्या उजेडात नुसते चांदीचे दिसत. दिवटीच्या तांबड्या उजेडात त्यांचे डोळे हलत होते. पालखी नाचवणारे पुढे आले की आप्पा मागे जायचे, ते मागे गेले की आप्पा पुढे. बुधलीतून तेल ओतलं की भपका व्हायचा आणि बायका एकदम हात जोडायच्या. कुणी खोकलं नाही. आप्पांच्या मनगटावर जळतं तेल उडालं, त्यांनी पुसलंही नाही. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर तसं कधी बघितलं नाही. माझ्या मनात पाप होतं, पण खरं सांगायचं तर त्या वेळी ते मला पाप वाटलं नाही. मालू सहाणेच्या पायरीवर हातात स्पिरिटची बाटली घेऊन बसली होती, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

पुढच्या वर्षी बत्ती परत आली, अर्थात. एका संध्याकाळने काय होणार? पण आप्पांना ती एक संध्याकाळ जन्मभर पुरली. "देवीनं राखलं," ते सांगायचे. पावण्यांना सांगायचे, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला सांगायचे, मला बघायला आलेल्या मंडळींनाही सांगितलं. "बत्ती पेटंना. दुसरं मेंटल नाय. आयेनं म्हटलं, माजा दिवटीवाला कुटं हाय?" दरवेळी गोष्ट थोडी लांबायची. मी चहा घेऊन आत-बाहेर करायचे. दोनदा त्यांना सांगायचं ठरवलं. एकदा ते भात झोडत होते, घामेजलेले, हसत होते; सांगवलं नाही. दुसऱ्यांदा महाडला दवाखान्यात, अगदी शेवटी. तोंड उघडलं, तर ते डॉक्टरांना तीच गोष्ट सांगायला लागले. डॉक्टर कामाचे, पण त्यांनी सगळी ऐकून घेतली.

मधे एक राहिलं. माझं लग्न होऊन मी महाडला आले आणि दोन-तीन वर्षांनी, साठ साल उलटून गेल्यावर, गावात वीज आली. हमरस्त्याच्या कडेने खांब आले, तिथून एक फाटा आमच्याकडे वळला. शिमग्याला मी माहेरी गेले होते. पोलादपूरहून आलेला वायरमन शिडीवर चढला आणि सहाणेवर एक दिवा लोंबकळता सोडला. बटण दाबलं, झालं. राख नाही, स्पिरिट नाही, पंप नाही, कुणाला पाट नाही. सखारामकाका नेहमीप्रमाणे बत्ती पेटवून घेऊन आले होते. विजेच्या दिव्याखाली ती पेटलेली आहे हे तिच्या आवाजावरूनच काय ते कळत होतं. पोरं म्हणाली, "काका, ती बंद करा, आवाज होतोय."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आतून उकळी फुटावी तसा झाला. मालू तेव्हा लग्न होऊन मुंबईला होती. ती हे बघायला इथे नाही, एवढीच हळहळ वाटली.

तेव्हा आप्पा सहाणेच्या कडेवरून, धूर कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून ते जिथे उभे राहायचे तिथून, दिवटी हातात घेऊन पुढे आले. मला वाटलं, आता काकांना चार शब्द ऐकवतील. आप्पा म्हणाले, "सखाराम, हिकडं ये. हिकडं वारा बरा हाय. आता मान तुजा, उजेड वायरीचा." काका हसले. दोघेही हसले. मग पाचसात वर्षं ते दोघं म्हातारे सहाणेच्या कडेला आपापला दिवा पेटवून शेजारी शेजारी उभे राहायचे, कुणाला नको असलेला उजेड धरून, एकमेकांशी हळू आवाजात बोलत. घरी येताना काका आमच्या ओटीवर चहा घ्यायचे. मला तेही रुचलं नव्हतं. ज्याच्यासाठी मी एवढं केलं त्यानेच शत्रूला चहा पाजावा?

परवा मालू ओटीवरच बसलेली होती, कुळीथ निवडत. नवरा गेल्यावर ती मुंबई सोडून इथेच राहते. भाचा सहाण बघायला गेला. आता सहाणेला फरशा बसवल्या आहेत, वर रंगीत माळा आहेत, त्या आपोआप लागतात नि विझतात. मी मालूजवळ बसले. इकडचं तिकडचं बोललो. मग दंडावर बांधलेला कापूस तिने बघितला, नाक जवळ आणलं आणि म्हणाली, "स्पिरिट."

का कोण जाणे, मला ते एका दमात सांगून टाकावंसं वाटलं. "मालू, त्या वर्षी मेंटल पडलं नव्हतं. मी पाडलं."

ती कुळथातले खडे वेचत राहिली. "म्हाईत हाय."

"कसं? सगळे पालखीकडे बघत होते."

"मी बत्तीकडं बघत हुते. आमची बत्ती हुती ती."

साठ-सत्तर वर्षं ही बाई मला शिमग्याला जवळ बसवत होती, माझ्या लग्नात माझ्या पदराला पिन लावत होती. "कुणाला सांगितलं नाहीस?"

"बाबांना सांगितलं, त्याच दिवशी, घरी आल्यावर. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला नि मेंटलची पुडी काढून फळीवर ठेवली. कोरी. म्हटलं, बाबा, हे हुतं तर लावलं का नाय? म्हणाले, लावणार हुतो गो. हात खिशात घातलाच हुता. तवा दिवटीवाल्याच्या तोंडाकडं बघितलं. गेल्या साली त्याला कडंला सारलं ते माज्यामुळं. मनात म्हटलं, ऱ्हावू दे आज. नि मला म्हणाले, त्या पोरीला काय बोलू नको. तिच्या जागी तू असतीस तर तू पण बोट लावलं असतंस."

आप्पांची ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून गेली, तांबडी, डोळे हलणाऱ्या मुखवट्यांची. ती देवीने दिली नव्हती. मीही दिली नव्हती, इतकी वर्षं मी आपली समजत होते. ती ज्या माणसाचा मी दुस्वास केला त्याने खिशात ठेवली होती आणि मुकाट्याने घरी नेली होती. आप्पांनी ती डॉक्टरांना सांगितली तेव्हा काका जिवंत होते. आणि गावात त्यांनी ती कितीदा आप्पांच्याच तोंडून ऐकली असेल, "दुसरं मेंटल नाय" इथे मान डोलावत.

"राग आला?" मालूने विचारलं.

"हेवा वाटला," मी म्हटलं. "तुझा बाप तसा होता, आणि तुला ते तेव्हापासून ठाऊक होतं. बत्ती आली त्या दिवशी वाटला होता ना, त्याच्या दसपट वाटतोय."

"अजून?" मालू म्हणाली आणि सूप घेऊन आत चहा टाकायला गेली.

परतीच्या वाटेवर गाडी हमरस्त्याला लागली तेव्हा भाच्याने आपल्या बायकोला फोन लावला. सहाणेचे फोटो पाठवलेत म्हणाला, आणि तिला सांगायला लागला की हीच ती जागा, आमच्या आजोबांना इथेच देवीने राखलं, बत्ती पेटेना, दुसरं मेंटल नव्हतं. आप्पांच्याच शब्दांत, आप्पांच्याच जागी थांबत. मी थोडा वेळ ऐकलं.

"देवीनं नाय रे," मी म्हटलं. "सखारामकाकांनी राखलं."

"कोण सखारामकाका?" त्याने विचारलं.

आमच्या घरातल्या कुणालाही ते नाव ठाऊक नव्हतं. मी त्याला फोन ठेवायला आणि गाडी कडेला घ्यायला सांगितलं. ही गोष्ट नीट सांगायची तर माझ्या करंगळीपासून सुरुवात करावी लागणार होती.